बेशरमाचे गोत्र

रस्त्यावर खड्डे पडले आणि तक्रारींना दाद मिळेना, की आपल्याकडे आंदोलनाचा एक ठरलेला प्रकार आहे. खड्ड्यात बेशरमाची झाडे लावायची, नाहीतर त्याच्या फुलाफांद्यांचा गुच्छ बांधून अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते. अधिकारी ओशाळलेला असतो, कार्यकर्ते हसत असतात, आणि मधोमध ती सुंदर गुलाबी-जांभळी फुले असतात. त्या फुलांचे गाव कोणते, ती इथवर कशी आली, आणि त्यांनाच शिवी का मिळाली, हे मात्र कुणी विचारत नाही. या लेखात मला तेवढेच विचारायचे आहे.

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकलेलो नाही. पोटापाण्याचा उद्योग हिशेब तपासण्याचा. माझे शिक्षण झाले ते वाईतून निघालेल्या मराठी विश्वकोशाच्या खंडांवर आणि सुट्टीच्या दिवशी कृष्णेच्या काठाने केलेल्या पायपिटीवर. क्षेत्र महाबळेश्वराच्या पंचगंगा मंदिरातून निघालेली कृष्णा वाई, माहुली, कराड, औदुंबर करत सांगलीला आणि पुढे हरिपूरला वारणेच्या संगमावर पोहोचते. हा सारा काठ मी गेल्या वीस-बावीस वर्षांत तुकड्यातुकड्यांनी पाहिला. महाबळेश्वरचे पठार सुमारे १,३७० मीटर उंचीवर. तिथल्या रानात मला बेशरम कधी आढळले नाही. घाट उतरून वाईच्या बाजूला आले, नदी संथ झाली, ओढ्याच्या तोंडाशी गाळ साचू लागला, की ते दिसू लागते. कराडच्या खाली तर पाणी अडलेल्या प्रत्येक जागी त्याची हजेरी ठरलेली. नदीचा उगम एकीकडचा आणि तिच्या काठावरच्या या झाडाचा दुसरीकडचा. नदीचा उगम सगळ्यांना ठाऊक आहे. झाडाचा शोधावा लागला.

कुळ

बेशरमाचे शास्त्रीय नाव आयपोमिया कार्निया. विश्वकोशाने ज्याला 'हरिणपदी कुल' म्हटले आहे, त्या कुळातले हे झाड. या कुळातली कितीतरी मंडळी आपल्या ओळखीची आहेत. शेतात त्रास देणारी हरणखुरी, समुद्रकाठच्या वाळूवर पसरणारी मर्यादवेल, तळ्यातली नाळीची भाजी, औषधातले निशोत्तर, रुपेरी पानांचा समुद्रशोक, विष्णुक्रांता, एवढेच काय पण झाडांवर पिवळ्या दोऱ्यांसारखी पसरणारी परोपजीवी अमरवेलसुद्धा. बागेतल्या मॉर्निंग ग्लोरीमुळे या घराण्याची खूण सर्वांना पटते. पाकळ्या जुळून झालेले नरसाळे, पहाटे उमलणारे आणि ऊन चढले की मलूल होणारे. 'आयपोमिया' हे नाव ग्रीक शब्दांपासून बनले आहे आणि त्याचा अर्थ 'किड्यासारखी', म्हणजे अळीसारखी वळत जाणारी. वेलीला शोभेल असेच नाव.

पण आपले बेशरम वळत नाही. ते सरळ उभे राहते. माणसाच्या उंचीच्याही वर जाते, बुंध्याशी लाकडासारखे टणक होते आणि फांदी मोडली तर पांढरा चीक येतो. मग अळीसारख्या वळणाऱ्या घराण्यात हे ताठ मानेचे पोर कुठून आले? याचे उत्तर दक्षिण अमेरिकेत आहे.

कार्ताहेनाची वेल

व्हिएन्नाच्या सम्राटाला शोनब्रून राजवाड्याच्या बागेसाठी दूरदेशीची झाडे हवी होती. त्यासाठी निकोलाउस जॅक्विन या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाला कॅरिबियन बेटांवर आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर पाठवण्यात आले. १७५०च्या दशकाच्या उत्तरार्धात तो तिकडे हिंडत होता. आजच्या कोलंबियातल्या कार्ताहेना बंदराच्या परिसरात त्याला एक वेल दिसली आणि परतल्यावर १७६० साली त्याने तिला आयपोमिया कार्निया हे नाव दिले. 'कार्निया' म्हणजे मांसाच्या रंगाची, फिकट गुलाबी.

जॅक्विनने पाहिली ती खरोखरची वेल होती. कोलंबिया, इक्वेडोर, उत्तर पेरू या भागांतल्या कोरड्या झुडपी रानांत ती आजही शेजारच्या झाडांवर चढते, तिची पाने रुंद आणि हृदयाकृती असतात. पुढे ब्राझीलच्या पाणथळ मुलखातून याच घराण्याचे दुसरे रूप युरोपातल्या अभ्यासकांपर्यंत पोहोचले. हे रूप उभे वाढणारे, पाने लांबट आणि निमुळती, खोड आतून पोकळ. १८४५ साली त्याला 'फिस्टुलोसा', म्हणजे नळीसारखी, असे नाव मिळाले आणि ती वेगळी जात मानली गेली. १९७७ साली डॅनियल ऑस्टिन या अमेरिकी अभ्यासकाने दोन्ही रूपे एकाच जातीच्या दोन उपजाती ठरवल्या. आपल्या नदीकाठी आहे ती ही दुसरी, पोकळ खोडाची. जगभर पसरली तीही हीच. चढणारी बहीण बहुतांशी आपल्या रानातच राहिली.

ब्राझीलमध्ये लोक हिला 'कानूदो' म्हणतात, म्हणजे नळी. दुसरे नाव 'रानकापूस' या अर्थाचे आहे, कारण तिच्या बियांवर रेशमासारखी लांब लव असते. म्हणजे माहेरी तिला खोडावरून आणि बियांवरून नावे मिळाली. जे दिसले ते लोकांनी सांगितले. बांगलादेशात तिला 'ढोलकलमी' म्हणतात. कलमी म्हणजे आपली नाळीची भाजी, तिचीच ही थोराड नातेवाईक, हे तिथल्या लोकांनी बरोबर ओळखले. आपण मात्र तिच्या स्वभावावरून नाव ठेवले. गंमत अशी, की 'बे' आणि 'शरम' हे दोन्ही शब्द फारसीतून आलेले. परदेशी झाडाला आपण परदेशी शिवी दिली आणि दोन्ही इतकी आपली झाली की त्यांचे परकेपण कुणाला जाणवत नाही.

निर्लज्जपणा म्हणजे काय?

नाव पडले ते एका गुणामुळे. फांदी तोडून फेकली तरी रुजते. पुरात बुडाली तरी मरत नाही, उन्हाळ्यात पाणी आटले तरी तग धरते. जनावर तोंड लावत नाही. कुऱ्हाडीने छाटले तर महिन्याभरात दुप्पट फुटते.

हाच गुण एके काळी हवासा होता. कराडच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या एका गावात सत्तरी ओलांडलेल्या एका मावशींनी मला सांगितले, "लोक म्हंत्यात आपसूक आलं. आपसूक कुठलं? माझ्या सासऱ्यानं पावण्याच्या गावासनं काठ्या आणल्या हुत्या, भारा बांधून. म्या सोता रोवल्यात बांधाला. काटं तोडाय नगं, तार आणाय नगं. गुरं आत शिरत न्हवती." त्या काळी काटेरी तारेचे कुंपण घालणे लहान शेतकऱ्याच्या आवाक्यातले नव्हते. बाभळीची काटेरी झुडपे दरवर्षी तोडून आणावी लागत आणि वाळवी लागून कुंपण ढासळे. बेशरमाची काठी एकदा रोवली की कुंपण स्वतःच वाढत राही. ओढ्याच्या कडेची माती धरून ठेवायलाही ती बरी पडे.

असे प्रवास सरकारी दप्तरात सापडत नाहीत. पाहुण्याच्या गावाहून आलेल्या काठ्यांच्या भाऱ्यावर जकात नव्हती आणि पावतीही नव्हती. झाड निर्लज्जपणे घुसले असे आपण म्हणतो खरे, पण मावशींच्या बांधावर ते माणसाच्या डोक्यावर बसून आले. पुढचे काम पाण्याने केले. बांधावरून ओढ्यात, ओढ्यातून नदीत, आणि नदीवर धरणे-बंधारे होऊन पाणी जागोजाग थांबू लागल्यावर त्याला ब्राझीलच्या पाणथळ मुलखासारखीच जागा मिळाली.

शेळी आणि बुरशी

या झाडावरचा एक आरोप मात्र खरा आहे, आणि तो शिवीपेक्षा गंभीर आहे.

नदीकाठी बसवायला आलेल्या मेंढरांच्या वाड्यावर एका वृद्ध धनगराने मला तो ऐकवला. "दादा, सादं खात न्हाई ह्ये शेळी. वास घिऊन फुडं जाती. पर हिरवा पालाच न्हाई ऱ्हायला, आन् येकदा तोंड लावलं, की मग दुसरं काय नगंच म्हंती. दारुड्यागत. मग मान हालाया लागती, पाय लटपटत्यात, वाळत जाती." त्याने हे प्रयोगशाळेत पाहिले नव्हते, पण प्रयोगशाळेने पुढे जे सांगितले ते याहून फारसे वेगळे नाही.

या झाडात स्वेन्सोनिन नावाचे विषारी अल्कलॉइड असते. ते पेशींतल्या एका विकराचे काम अडवते. पेशीत साखरेच्या साखळ्यांचे तुकडे होऊन त्यांचा निचरा व्हायचा, तो होत नाही. मज्जापेशींत ते साठत जातात आणि जनावराचा तोल जातो. सुदान, मोझांबिक, ब्राझील या देशांत शेळ्या-मेंढ्या अशाच दगावल्याच्या नोंदी आहेत. टंचाईत खायला सुरुवात केलेली शेळी नंतर हेच झाड शोधू लागते, हेही अभ्यासकांनी नोंदवले आहे. धनगराचा 'दारुड्यागत' हा शब्द नेमका आहे.

त्याहून विलक्षण गोष्ट अलीकडची. हे विष झाड स्वतः बनवत नाही. त्याच्या अंगात राहणारी एक बुरशी बनवते आणि ती बियांतून पुढच्या पिढीत जाते. बुरशीनाशकाची प्रक्रिया करून बुरशी काढून टाकली, तर त्या रोपांत स्वेन्सोनिन सापडत नाही. म्हणजे जनावर तोंड लावत नाही म्हणून ज्याचे कुंपण केले, त्या कुंपणाची राखण आत राहणारा एक पाहुणाही करत होता. देठापाशी मधाच्या बारीक ग्रंथी असतात, त्यांवर मुंग्या येतात आणि पाने खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. एवढा बंदोबस्त असलेले झाड टिकले नसते तरच नवल.

माणसाच्या मनात या झाडाविषयी धास्तीही बसू शकते. १९९०च्या सुमारास बांगलादेशात अशी अफवा उठली, की ढोलकलमीवरचा एक किडा अंगाला लागला तरी माणूस मरतो. लोकांनी भीतीने झाडे तोडली, जाळली. पुढे किडा निरुपद्रवी असल्याचे सांगण्यात आले. खरे विष पानात होते आणि लोक घाबरले किड्याला.

दोन भावंडे, दोन नावे

आता याच घराण्यातल्या, अमेरिकेतूनच आलेल्या दुसऱ्या दोघांकडे पाहू.

पहिले रताळे. आयपोमिया बटाटास. तेही हरिणपदी कुळातले, त्याच आयपोमिया वंशातले, मध्य व दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातले. कोलंबसानंतर स्पॅनिश-पोर्तुगीज जहाजांनी ते जगभर नेले. त्याआधीच ते पॉलिनेशियाच्या बेटांवर पोहोचले होते, ही त्याची आणखी एक थोरवी. कॅरिबियन लोक त्याला 'बटाटा' म्हणत. पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला, आणि पेरूच्या डोंगरांतला दुसराच कंद मागाहून आला तेव्हा त्यालाही तेच नाव चिकटले. मराठीत तर रताळ्याचे मूळ नाव बटाट्यानेच पळवले आणि रताळ्याला दुसरे शोधावे लागले. हिंदीत आजही 'रतालू' म्हणजे कोनफळाच्या जातीचा कंद, आपल्याकडे तो शब्द नव्या पाहुण्याला मिळाला. जुन्या कंदाच्या नावाने ते घरात शिरले आणि थेट उपवासाच्या ताटात जाऊन बसले. आषाढीला, महाशिवरात्रीला त्याच्याशिवाय फराळ होत नाही. त्याच ताटातले शेंगदाणे, बटाटा, मिरची, साबुदाण्याचा मूळ कंद आणि राजगिरासुद्धा अमेरिकेतलेच. एक वरीचा तांदूळ आणि दही-तूप तेवढे आपले. ज्या दिवशी आपण सर्वांत सोवळे असतो, त्या दिवशीचे ताट असे सातासमुद्रापलीकडचे असते.

दुसरी गणेशवेल. आयपोमिया क्वामोक्लिट. पिसासारखी पाने, लालभडक चांदणीसारखे फूल. ही मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. पावसाळ्यात गणपतीच्या सुमारास फुलते, म्हणून तिला देवाचे नाव मिळाले. सर विल्यम जोन्स यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस निवडक भारतीय वनस्पतींवर टिपणे लिहिली, त्यांत हीच वेल 'कामलता' या संस्कृत नावाने आली आहे. म्हणजे कोलंबसाला तीनशे वर्षे होतात न होतात तोवर या अमेरिकी वेलीला संस्कृत नाव मिळाले होते, आणि मोठ्या विद्वानालाही ती भारतीय वनस्पतींमध्ये बसवताना अडचण आली नाही.

रताळ्याची लागवड कशी होते? वेलीचे तुकडे करून मातीत खोचतात, ते रुजतात. बेशरमही नेमके असेच रुजते. एकाच्या बाबतीत आपण त्याला 'सोपी लागवड' म्हणतो, दुसऱ्याच्या बाबतीत 'निर्लज्जपणा'.

महाबळेश्वरचे मळे

महाबळेश्वर या बाबतीत फार बोलके ठिकाण आहे. १८२९ साली छत्रपती प्रतापसिंह महाराज आणि गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्यातील कराराने हे पठार कंपनीकडे गेले आणि माल्कम पेठ वसली. त्याच सुमारास माल्कम यांच्या काळातच पुण्याजवळ दापुडीची सरकारी वनस्पती-बाग सुरू झाली. परदेशी रोपे रुजवून पाहणे हे तिचे एक कामच होते. महाबळेश्वरात चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता, तो १८६४ साली बंद झाला. तोवर या कैद्यांनी रस्ते केले आणि भाजीपाल्याचे मळे पिकवले. तिथल्या बटाट्याच्या लागवडीशी त्यांचे नाव जोडलेले आहे. पेरूचा कंद, चिनी हात, इंग्रजांचे ताट आणि सह्याद्रीची माती, अशी ती जुळणी.

आज महाबळेश्वर म्हटले की स्ट्रॉबेरी आठवते. तिला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. ही बागेतली स्ट्रॉबेरी अठराव्या शतकात युरोपात जन्मलेला संकर आहे. तिचा एक पूर्वज उत्तर अमेरिकेचा आणि दुसरा दक्षिण अमेरिकेतल्या चिलीचा. १७१४ साली एका फ्रेंच अधिकाऱ्याने चिलीहून आणलेल्या रोपांमुळे तो संकर शक्य झाला. म्हणजे कृष्णेच्या उगमापाशी दक्षिण अमेरिकेचे रक्त असलेले एक फळ मानाने विराजमान आहे, आणि तिच्याच काठाने खाली उतरले की दक्षिण अमेरिकेचीच दुसरी लेक शिवी खात उभी आहे. तीही धुमाऱ्यांनी, तुकड्यांनीच वाढते, हीसुद्धा.

या मुलखाच्या वनस्पतींची नोंद ठेवणारे बहुतेक हौशीच होते, याचा मला आधार वाटतो. १८३९ साली मुंबई परिसरातील वनस्पतींची सूची छापणारे जॉन ग्रॅहॅम टपाल खात्यात होते. दापुडीच्या बागेचे अलेक्झांडर गिब्सन डॉक्टर होते. माथेरान-महाबळेश्वरच्या वनस्पतींची यादी करणारे बर्डवूड हायकोर्टाचे न्यायाधीश. डॅलझेल आणि गिब्सन यांच्या १८६१च्या 'बॉम्बे फ्लोरा'त रानातल्या वनस्पती मुख्य ग्रंथात आहेत आणि लावलेल्या वनस्पतींना वेगळी पुरवणी आहे. ही विभागणी सोयीची होती. पण पुरवणीतून निसटून मुख्य ग्रंथात शिरणारी झाडे असतात, आणि खरा इतिहास त्या उंबरठ्यावर घडतो.

नोंद कोण करणार?

बेशरमाची वकिली करण्याचा माझा हेतू नाही. नदीकाठच्या पाणथळ जागा ते व्यापते, कालवे अडवते, देशी पाणवनस्पतींना जागा उरू देत नाही, आणि धनगराची शेळी मारते. जिथे ते काढायचे तिथे मुळासकट काढून पाण्यापासून लांब वाळवावे लागते. नुसते छाटून ओढ्यात ढकलले, तर आपण त्याची लागवडच केलेली असते. कास-महाबळेश्वरच्या सड्यांवर तर कोणतेही बाहेरचे रोप लावताना दहादा विचार करावा. परंतु 'परदेशी म्हणून वाईट' या न्यायाने हे ठरवता येणार नाही. त्या न्यायाने उपवासाचे ताट रिकामे करावे लागेल. झाड कुठे उभे आहे आणि तिथे काय करते आहे, एवढेच पाहायला हवे.

मला काळजी आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. ज्यांनी स्वतःच्या हाताने या काठ्या रोवल्या, ती पिढी आता थकली आहे. ती गेली की 'आपसूक आलं' हाच इतिहास उरेल. २००२च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोक-जैवविविधता नोंदवही करायची सोय झाली आहे. त्या वह्यांत औषधी झाडे, देवराया, जुनी बियाणी लिहिली जातात, आणि ते योग्यच आहे. त्यांत एक पान कुंपणांचे असावे. बांधावर पूर्वी काय होते, बेशरम कुणी आणले, कुठल्या गावाहून, कोणत्या गरजेपोटी, जनावरे दगावली ती कोणत्या वर्षी, ओढ्याचे पाणी कधी अडू लागले. हे सांगणारी माणसे अजून ओट्यावर बसलेली आहेत. वही-पेन घेऊन त्यांच्यापाशी जायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही.